दोनदा दुरुस्तीला गेलेलं यंत्र

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. शिकवणीची पांढरी गाडी मैदानामागच्या रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती आणि ब्रेकबाईचा पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर टेकलेला होता. अशा गाड्यांमध्ये शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक असतो आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा. दुसऱ्याचं काम पहिला चुकल्यावर सुरू होतं. ब्रेकबाई अकरा वर्षं हे काम करत होती. या काळात तिच्या गाडीने एका कचऱ्याच्या डब्याशिवाय कशालाही धक्का लावला नव्हता, आणि तो डबाही मुळात रस्त्याच्या मधोमध होता, असं ती सांगत असे. खरं नाव आता फक्त तिच्या परवान्यावर उरलं होतं.

स्टिअरिंगच्या चाकामागे कंडक्टर होता. त्याची बावीस वर्षं बसमध्ये उभ्याने गेली होती. गाडी त्याने कधी चालवली नव्हती; ती कधी निघायची आणि कधी थांबायची एवढं मात्र तो ठरवत आला होता. सवय हाडात मुरलेली. क्लच सोडण्याआधी तो बोटाच्या पेराने समोरच्या फळीवर दोन टकटक करायचा. दोन टकटक झाल्याशिवाय त्याचा डावा पाय उचलायचाच नाही. ब्रेकबाईने सुरुवातीला हे मोडायचा प्रयत्न केला, मग सोडून दिलं. परीक्षकाने विचारलं तर फळी सैल आहे म्हणून सांगा, एवढा सल्ला तिने देऊन ठेवला.

ब्रेकबाईला आठवा महिना संपत आला होता. पट्टा पोटाखालून घेतलेला, खुर्ची शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवलेली, आणि त्यामुळे ब्रेकपर्यंत पाय पोचवायला तिला किंचित घसरून बसावं लागे. पाय सुजले होते. गेल्या आठवड्यापासून ती नवऱ्याच्या चपला घालत होती. घरात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण घरात सगळ्यांचं लक्ष नवऱ्याकडे होतं.

नवऱ्याची हकिगत अशी. सात वर्षांपूर्वी त्याच्या मानेत गाठ आली. ती कर्करोगाची निघाली. उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांनी त्याला एका बंद खोलीत पाठवलं आणि पुढे कधी मूल हवंसं वाटलं तर असू दे म्हणून त्याचं बीज गोठवून ठेवलं, कारण औषधं त्या बाबतीत काही शिल्लक ठेवतील याची खात्री नव्हती. सहा महिने औषधं झाली. केस गेले, केस परत आले, गाठ मात्र परत आली नाही. आजारातून उठल्यावर आता गाडी शिकतोच, असं त्याने ठरवलं आणि ब्रेकबाईच्या शेजारी येऊन बसला. परीक्षेत दोनदा नापास झाला. तिसऱ्या खेपेच्या तयारीत, गाडी मागे घेऊन दोन गाड्यांच्या मध्ये लावताना, त्याने घसा खाकरून सांगितलं, की मला कर्करोग होऊन गेलाय.

"आधी आरशात बघ," ब्रेकबाई म्हणाली.

त्या खेपेला तो पास झाला, आणि त्या वाक्यावर आपण लग्नाला तयार झालो, असं तो पुढे चारचौघांत सांगायचा. ब्रेकबाईचं म्हणणं एवढंच, की तेव्हा मागे खरोखर खांब होता.

लग्नानंतर तीन वर्षं वाट पाहून झाली आणि शेवटी गोठवलेलं बीज बाहेर काढावं लागलं. प्रयोगशाळेतून दिवस राहिले. बातमी कळल्यावर सासूबाईंनी पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर लोकर आणली. बाहेर अंगाची काहिली होत होती, पंखे गरम हवा फिरवत होते, आणि सासूबाई जाड विणीचे स्वेटर विणत होत्या. त्यांचं गणित साधं होतं. जे मूल सात वर्षं बर्फात राहिलं, त्याला थंडी वाजणार. प्रयोगशाळेतल्या माणसाने त्यांना समजावलं होतं, की गोठलेलं होतं ते मूल नव्हे, मुलाचा फक्त अर्धा वाटा.

"अर्धं तर अर्धं," सासूबाई म्हणाल्या. "गारठलेलंच ना?"

सासूबाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. शेवटची काही वर्षं तक्रार विभागाच्या प्रमुख. तिथे त्यांनी एक क्रम घालून दिला होता आणि निवृत्तीच्या निरोप समारंभात साहेबांनी त्याचा गौरवाने उल्लेख केला होता. तक्रार आली, की आधी ग्राहकाचं यंत्र बदलायचं. मग एक्स्चेंज बघायचं. लाइन सगळ्यात शेवटी, कारण लाइन जमिनीखालून गेलेली, जाडजूड, तिला सहसा काही होत नाही आणि ती खणून काढायची म्हणजे सगळ्यांच्या नाकी नऊ येतात. सासूबाई जगाकडे याच नजरेने बघत. त्यांच्या हिशेबात मुलगा म्हणजे एक्स्चेंज. निरोप तिथून निघालाय, आणि तेच एकदा जळता जळता वाचलंय, तेव्हा जपायचं ते त्याला. येणारं मूल म्हणजे पलीकडचा फोन. सून ही लाइन.

त्यामुळे गरोदरपण घरात आलं ते मुलाच्या वाट्याला. त्याला पहाटे सहाला उठवून दूध दिलं जाई आणि पुन्हा झोपवलं जाई. दोन उकडलेली अंडी, सफरचंद, दुपारी सूप, पाठीला उशी. स्टुलावर चढायचं नाही, जड उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, बातम्या बघायच्या नाहीत. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा. सासूबाईंनी दुकानमालकाला भेटून असं काही पटवलं, की मालकाने त्याला सातव्या महिन्यापासून हलकं काम दिलं. आता तो बसून चष्म्यांच्या दांड्यांचे स्क्रू आवळत होता. गिऱ्हाइकं त्याची विचारपूस करत. शेजारच्या बाईंनी जिन्यात त्याला थांबवून कितवा म्हणून विचारलं, आणि तो आठवा असं सांगून मोकळा झाला. आपण काय बोललो हे त्याला दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर कळलं. त्याचं वजनही वाढलं होतं. तिसऱ्या महिन्यात त्याला मळमळ होत होती, ब्रेकबाईला झाली नाही.

तो वाईट माणूस नव्हता. एकदा तळहातावरच्या फोडासारखं जपलं गेलं, की माणूस हळूहळू फोडासारखा वागू लागतो, एवढंच. ब्रेकबाईने त्याला एका रात्री जेवताना सांगून पाहिलं होतं, की बाबा रे, तुझं काम सात वर्षांपूर्वी बंद खोलीत संपलं, आता ही अंडी कोणासाठी खातोयस? तो विचारात पडला. मग म्हणाला, आईला बरं वाटतं. आणि अंडं खाल्लं.

ब्रेकबाईलाही या व्यवस्थेचा फारसा त्रास नव्हता, हे सांगायला हवं. घरात आजारी माणसाची जागा एकच होती आणि ती भरलेली होती. धडधाकट ही तिची ओळख होती. लग्नात सासूबाईंनी नातेवाइकांना तिची ओळख करून देताना दिसायला बरी आहे असंही म्हटलं नव्हतं, घोड्यासारखी ठणठणीत आहे असं म्हटलं होतं, आणि तिला ते मनापासून आवडलं होतं. डोकं दुखलं तर ती ऊन लागलं म्हणायची. पाय सुजले तर दिवसभर बसून सुजले म्हणायची. दवाखान्यातली शेवटची तपासणी तिने स्वतःहून पुढे ढकलली, कारण त्याच दिवशी नवऱ्याची कर्करोगाची वार्षिक तपासणी होती, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि घरची गाडी एकच. फोनवरच्या मुलीने काही त्रास आहे का विचारलं. काही नाही, असं ब्रेकबाईने सांगितलं, गाडी सिग्नलला उभी असताना.

नवऱ्याची तपासणी उत्तम निघाली. सासूबाईंनी इमारतीत पेढ्यासारखी ती बातमी वाटली.

आता यंत्राविषयी. बातमी कळल्याच्या आठवड्यातच सासूबाईंनी रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं होतं, दंडाला पट्टा बांधायचं, बटण दाबलं की आपोआप फुगणारं. ते अर्थातच मुलासाठी. पहाटे सहाला दुधाआधी त्याच्या दंडाला पट्टा बांधला जाई, यंत्र घुरघुरे, आणि आकडा यायचा एकशे अठरा, शहात्तर. रोज तोच, एखाद-दुसऱ्याचा फरक. रोज सासूबाई समाधानाने मान हलवत, जणू हा आकडा त्यांनीच घासूनपुसून लावलाय.

एक दिवस मुलगा उठेना. सासूबाई पट्टा हातात धरून बसल्या होत्या आणि ब्रेकबाई कामावर निघायला नवऱ्याच्या चपला शोधत होती. वेळ जायला म्हणून, यंत्र तेवढ्यात तपासून होईल म्हणून, सासूबाईंनी तिचा हात ओढला आणि पट्टा तिच्या दंडाला बांधला. यंत्र घुरघुरलं. एकशे छप्पन, एकशे दोन.

दोघींनी आकड्याकडे बघितलं.

"बिघडलं," सासूबाई म्हणाल्या.

ब्रेकबाई म्हणाली, मीच बिघडले असेन. हे ती हसत म्हणाली. तुला काय धाड भरलीय, असं सासूबाईंनी तिला तितक्याच सहज उत्तर दिलं आणि यंत्र पिशवीत घातलं. त्यात डावपेच काही नव्हता. तक्रार आली होती, क्रम ठरलेला होता, पहिलं यंत्र.

कोपऱ्यावर एक दुकान होतं, तिथे कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, गुडघ्याचे पट्टे वगैरे मिळत आणि मागच्या टेबलावर दुकानदार अशी यंत्रं दुरुस्त करायचा. त्याने सेल बदलले, पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, एकशे बावीस, ऐंशी. ठीक आहे म्हणाला. सासूबाई यंत्र घेऊन आल्या, मुलाला लावलं, एकशे अठरा. पुढचे चार दिवस सगळं सुरळीत. पाचव्या दिवशी, दुरुस्ती टिकली का हे बघायला, त्यांनी पट्टा पुन्हा सुनेला लावला. एकशे साठ, एकशे चार.

या वेळी सासूबाई दुकानात तावातावाने गेल्या. तुमच्या यंत्राला अधूनमधून येणारा बिघाड आहे, असं त्यांनी ठणकावलं. एक्स्चेंजमध्ये अशा बिघाडाला सगळे टरकत. तपासायला जावं तर फोन गुण्यागोविंदाने वाजतो, पाठ फिरवली की मुका. यंत्र कधी खरं बोलतं, कधी खोटं. कोणाच्या दंडावर खोटं बोलतं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. दुकानदारानेही विचारलं नाही. नळी जुनी झाली असेल म्हणून त्याने ती बदलायला घेतली आणि यंत्र दोन दिवस ठेवून घेतलं. ते दोन दिवस मुलगा मोजमापाविना राहिला आणि सासूबाईंचा जीव टांगणीला लागला. म्हणून त्या सकाळी ब्रेकबाईला बजावून सांगितलं होतं, की शिकवणी झाली की येताना यंत्र घेऊन ये, विसरू नकोस, तो कालपासून तसाच आहे.

तर मैदानामागचा रस्ता. कंडक्टरने दोन टकटक केल्या होत्या, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गेली होती, आणि ब्रेकबाई डोळे किलकिले करून बसली होती. रात्रीपासून कपाळामागे काहीतरी ठोकत होतं. समोरून दोन सायकली आल्या. शेजारी शेजारी, सारख्याच, अख्खा रस्ता अडवून. कंडक्टर थांबायचं नाव घेईना. ब्रेकबाईने पाय दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. टपाल घेऊन जाणारा एक सायकलवाला त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघत बाजूने निघून गेला.

"बाई, का थांबलो?"

दोन सायकली येताना दिसत नाहीत का, असं ब्रेकबाईने दरडावून विचारलं.

कंडक्टरने आरशात पाहिलं, मागे वळून पाहिलं, मग हात चाकावर ठेवून शांतपणे म्हणाला, "बावीस वर्षं माणसं मोजलीत मी. एक होती."

तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ते रस्त्यावरही होते आणि कंडक्टरच्या शर्टावरही. ऊन असेल म्हणावं तर सूर्य अजून इमारतींच्या वर आला नव्हता. आजची शिकवणी इथेच थांबवू, ती म्हणाली. कोपऱ्यावर एक यंत्र घ्यायचंय, तिथपर्यंत तुम्हीच चालवा.

दुकानाचं दार नुकतंच उघडलं होतं. दुकानदार चाकाची खुर्ची फुटपाथवर मांडत होता. त्याने यंत्र काढलं, नवी नळी दाखवली, आणि पुन्हा भांडण नको म्हणून गिऱ्हाइकासमोरच चाचणी घेतो म्हणाला. स्वतःच्या दंडाला बांधलं. एकशे चोवीस, ऐंशी. मग कंडक्टरचा दंड मागितला. एकशे तीस, चौऱ्याऐंशी, बसमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला झकास. मग ब्रेकबाईचा. यंत्र फुगलं, थांबलं, पुन्हा फुगलं, जणू त्याचाही विश्वास बसत नव्हता. एकशे अडुसष्ट, एकशे दहा.

दुकानदाराने यंत्र उचलून कानाशी धरलं. हलवलं. पुन्हा बांधलं. एकशे सत्तर.

"बघा," ब्रेकबाई म्हणाली. "अजून तसंच आहे."

दुकानदार तिच्या पोटाकडे बघत होता. मग तिच्या पायातल्या पुरुषी चपलांकडे, त्यातून पाव फुगावा तशा वर आलेल्या पावलांकडे. "आजपर्यंत खोटं बोलायचं ते तुमच्याच हातावर का?" त्याने विचारलं.

तिने थोडा विचार केला. हो, माझ्याच.

"मग बाई, यंत्राला सोडा आता. दवाखान्यात जा. घरी नाही, दवाखान्यात."

तो रुग्णवाहिकेला फोन करायला निघाला. ब्रेकबाईने त्याला थांबवलं; धंद्याचं गणित तिच्या डोक्यात तशाही अवस्थेत चालू होतं. रुग्णवाहिका दवाखान्यातूनच येणार, म्हणजे तिला तेच अंतर दोनदा. कंडक्टर आहे, गाडी आहे. तिला स्वतःला चाकामागे बसवायला दोघेही तयार नव्हते, आणि तिलाही दुकानदार एकाऐवजी दीड दिसू लागला होता.

कंडक्टरची पाचावर धारण बसली. मोठ्या रस्त्यावर तो अजून गेलाच नव्हता. त्याने चाक धरलं, आरसा बघितला, दोन टकटक केल्या, पुन्हा दोन केल्या आणि गाडी निघाली. दुसऱ्या गिअरच्या पुढे तो गेला नाही. दिवा एकाच बाजूचा लुकलुकत राहिला, सरळ रस्त्यावरही. हे सगळं ब्रेकबाईला अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते हे, की कंडक्टर प्रत्येक बसथांब्यावर थांबू लागला.

"थांबू नका."

"पाय आपोआप जातो हो," कंडक्टर रडकुंडीला येऊन म्हणाला. थांबा दिसला, की त्याचा पाय ब्रेकवर जात होता, गाडी रांगेसमोर नेमकी उभी राहत होती, आणि तो दोन टकटक करून निघत होता. पहिल्या थांब्यावर लोक नुसते बघत राहिले. दुसऱ्यावर एका बाईने काचेवर हात मारला. तिसऱ्यावर पिशवी घेतलेला एक म्हातारा मागचं दार उघडून आत बसला आणि दवाखान्याचं एक द्या म्हणाला. उतरा म्हणून सांगण्यात वेळ गेला असता, आणि तसाही तो दवाखान्यालाच निघाला होता. त्याला राहू दिलं. त्याने उरलेला सगळा रस्ता, हल्ली बसगाड्या फार लहान केल्या आहेत, अशी तक्रार केली.

ब्रेकबाईने दोन्ही पाय आखडून खुर्चीखाली घेतले होते. अकरा वर्षांत तिचा पाय चालत्या गाडीत ब्रेकपासून इतका लांब कधी गेला नव्हता. पायात ताकद नव्हती आणि समोर येणाऱ्या प्रत्येक वस्तूला जोडीदार होता. खरी कुठली आणि खोटी कुठली हे तिला ठरवता येत नव्हतं. तिने पोटावर हात ठेवला. आत हालचाल होत होती. ती डोळे मिटून तेवढीच मोजत राहिली.

दवाखान्यात तिला दारातूनच वर नेलं. पुढचा अर्धा तास कोणी कोणाला फारसं काही समजावलं नाही. झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून औषध, दाब उतरवायला दुसरं, रक्त तपासायला नळ्या. ज्या डॉक्टरबाई तिला सुरुवातीपासून तपासत होत्या, त्यांनी तपासणीचे कागद बाजूला ठेवले आणि सांगितलं, की पस्तिसावा आठवडा लागलाय, दाब काही केल्या ऐकत नसेल तर मूल आजच बाहेर काढावं लागेल. नवऱ्याला बोलवा.

नवऱ्याला फोन कंडक्टरने केला. नवरा आणि सासूबाई टॅक्सीने आले. पुढे जे झालं ते दवाखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी अजून सांगतो. टॅक्सीतून एक स्थूल, पांढराफटक पडलेला माणूस उतरला, एका म्हाताऱ्या बाईंनी त्याचं कोपर धरलेलं, दुसऱ्या हातात बाळाच्या स्वेटरांनी भरलेली पिशवी. दारावरच्या कर्मचाऱ्याने चाकाची खुर्ची पुढे करत पेशंट कोण म्हणून विचारलं, आणि सासूबाईंनी सात वर्षांच्या सवयीने मुलाकडे बोट दाखवलं. मुलगाही सात वर्षांच्या सवयीने बसला. पाठीला कोणीतरी उशी दिली. खुर्ची लिफ्टमध्ये शिरली, लिफ्ट वर गेली, आणि कर्मचारी त्याला ढकलत थेट प्रसूती विभागाच्या दारापर्यंत घेऊन गेला. दारातली नर्स बाहेर आली. तिने खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं, पिशवीतल्या स्वेटरांकडे पाहिलं, आणि यांना किती वेळापासून कळा येताहेत असं अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं.

कर्मचारी हसला. सासूबाई उत्तर द्यायला तोंड उघडत होत्या.

नवरा उठून उभा राहिला. उशी खाली पडली.

"मी पेशंट नाही," तो म्हणाला. मग आईकडे वळून पुन्हा म्हणाला, हळू आवाजात, "आई, मी बराय. माझी बायको आत आहे."

खुर्ची रिकामी राहिली. थोड्या वेळाने सासूबाई तिच्यात बसल्या.

डॉक्टरबाई त्यांच्याशी बोलायला बाहेर आल्या तेव्हा सासूबाईंनी तोच प्रश्न विचारला, जो त्या आठ महिने मनात घोळवत होत्या. याचा आजार बाळात उतरलाय का? डॉक्टरबाईंनी नाही म्हणून सांगितलं. कर्करोगातून बऱ्या झालेल्या पुरुषांची मुलं बहुतेक करून इतरांच्या मुलांसारखीच जन्माला येतात, आणि इथे तर बीज औषधांच्या आधीचं आहे. बघायचं असतं ते आईकडे. हा दाब बाळाला पोसणाऱ्या वारेतून सुरू होतो, आणि वार तयार होते त्यात अर्धा वाटा बापाचा असतो. अशा पुरुषांच्या बायकांना दाबाचा त्रास किंचित जास्त होतो असं काही अभ्यासांत दिसतं, काहींत दिसत नाही, छातीठोकपणे कोणी सांगत नाही. पण पहिलं बाळ, प्रयोगशाळेतून राहिलेले दिवस, एवढं कारणही डोळ्यांत तेल घालून दाब मोजायला पुरेसं होतं. मग त्यांनी विचारलं, की आधी कधी वाढलेला आढळला होता का?

नवऱ्याने आईकडे पाहिलं. कंडक्टर, जो अजून गेला नव्हता, त्याने यंत्राची पिशवी मागे लपवल्यासारखी धरली.

"दोनदा," सासूबाई म्हणाल्या. "यंत्राने दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा यंत्र दुरुस्तीला दिलं."

डॉक्टरबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं आणि त्या आत गेल्या.

संध्याकाळपर्यंत दाब ऐकला नाही. शस्त्रक्रिया करून मूल काढलं. मुलगी झाली, दोन किलोला थोडी कमी, रंगाने लाल आणि आवाजाने एखाद्या मोठ्या गाडीच्या भोंग्यासारखी. तिला काचेच्या ऊबदार पेटीत ठेवलं. सासूबाई काचेशी उभ्या राहिल्या. पिशवीतला सगळ्यात लहान स्वेटर त्यांनी काढला. त्यात अशा तिघी मावल्या असत्या. आत तिला थंडी तर वाजत नाही ना, असं त्यांनी नर्सला विचारलं. नर्सने पेटीवरचा तापमानाचा आकडा दाखवला, बत्तीस. बाहेरच्यापेक्षा जास्त आहे, असं ती म्हणाली. सासूबाईंनी तो आकडा बराच वेळ बघितला. या वेळी त्यांनी कुठल्याच यंत्रावर शंका घेतली नाही. नर्सने त्यांचं मन राखायला एक टोपी तेवढी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना सुनेला भेटू दिलं. ब्रेकबाईच्या हाताला नळ्या होत्या, चेहरा सुजलेला होता, आणि तिला आता प्रत्येक वस्तू एकच दिसत होती. सासूबाई खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या. बाळ दूध ओढतंय, डॉक्टर बरं म्हणताहेत, कंडक्टरने गाडी परत नेऊन लावली आणि लावताना डबा पाडला, असं सगळं सांगून झालं. मग त्या चादरीची घडी सारखी करत म्हणाल्या, "एकतीस वर्षांत असं तीनदा झालं होतं. फोन बदलत बसलो आम्ही, आणि जमिनीखाली लाइन कुजत होती."

ब्रेकबाईने डोळे मिटले होते. "मलाही कळलं नाही आई," ती म्हणाली. "मी पण उन्हावर ढकलत होते."

"तुझं काम होतं का ते?" सासूबाई जराशा फणकाऱ्याने म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून यंत्र काढलं आणि परवानगी विचारल्यासारखा पट्टा पुढे केला. दवाखान्याचं यंत्र दर चार तासांनी मोजत होतंच. ब्रेकबाईने तरी दंड दिला. एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. भिंतीवरच्या यंत्राने जवळपास तेच सांगितलं होतं.

ब्रेकबाई आठवड्याने घरी आली. बाळंत झालं म्हणजे दाब लगेच निवळतो असं नाही, अजून काही आठवडे रोज मोजायचा, गोळी चुकवायची नाही, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे चमकलं तर ऊन म्हणायचं नाही, थेट यायचं, असं डॉक्टरबाईंनी तिला आणि सासूबाईंना दोघींना समोर बसवून सांगितलं. मुलगी अजून पेटीत आहे. आता ती पेटीतून उघड्या खाटेवर जायच्या बेतात आहे, वजन दोन किलोच्या वर गेलंय. नवरा चष्म्याच्या दुकानात पुन्हा काचा घासतो. मालकाने त्याला बाळंतपणाची रजा देऊ केली होती. त्याने ती घेतली नाही, सकाळची दोन तासांची सवलत तेवढी मागून घेतली. स्वतःचं दूध तो स्वतः गरम करतो आणि एक अंडं खातो. दुसरं ब्रेकबाईच्या ताटात असतं. त्याचा दाब गेल्या आठवड्यात कोणी मोजलेला नाही. शेजारच्या बाईंनी जिन्यात त्याला, काय मग, सुटलात एकदाचे, असं विचारलं. तो हो म्हणाला.

कंडक्टरची परीक्षा झाली. फळी सैल आहे का, असं परीक्षकाने विचारलं. कंडक्टरने हो सांगितलं आणि तो पास झाला.

उद्या सकाळी सहा वाजता सासूबाई यंत्र टेबलावर मांडतील आणि पट्टा सुनेच्या दंडाला बांधतील. साडेसहाला नवरा घरची गाडी काढेल आणि तिला दवाखान्यात मुलीला पाजायला घेऊन जाईल. ब्रेक एकच असलेल्या गाडीत ती शेजारी बसेल. सात वाजता मुलीचं वजन होईल.